सुवासाची बाटली आणि आजाऱ्याची खोली



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. घरांतील हवेस आणि चादरी-पांघरुणांस सुवास यावा म्हणून जें पाणी फवारतात, तें घरच्या घरीं एका वेळीं पांच-दहा बाटल्यांचें कसें करावें, याविषयीं मला थोडें बोलावयाचें आहे. बाजारांत अशा बाटल्या हव्या तितक्या मिळतात. त्यांवर बर्फाचीं शिखरें आणि जांभळीं फुलें रंगविलेलीं असतात. मग घरीं हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. मलाही पूर्वीं तसेंच वाटे. माझें मत ज्यामुळें पालटलें तें कारण सुगंधाचें नव्हतें, दुर्गंधाचें होतें; तेव्हां तेथूनच आरंभ करणें प्रामाणिकपणाचें होईल.

आमचें घर साकोलीस आहे. नागपूरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारें १०० किलोमीटर पूर्वेस, भंडारा जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव लागतें. सभोंवार धानाच्या बांध्या, ठिकठिकाणीं जुन्या लोकांनीं खोदलेले तलाव, आणि उत्तरेस नागझिऱ्याचें अरण्य. पाण्याची अशी समृद्धि डोळ्यांना फार सुखकर वाटते. परंतु आषाढ-श्रावणांत ज्या गृहिणीस घरांतील धुणें वाळवावें लागतें तिला विचारा! दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशींही ओलसर लागतात, कपाट उघडलें कीं कुबट वास येतो, आणि गादीच्या कापसानें तर जणूं पाऊस पिऊनच ठेवलेला असतो.

तीन वर्षांमागें अशाच एका आषाढांत माझ्या सासूबाई न्हाणीघरांत घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, ती यथासांग पारही पडली. पण वय ऐंशीच्या पुढचें, त्यामुळें त्यांस कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहावें लागलें. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या खोलीला कसला वास येतो हें ज्यांनीं शुश्रूषा केली आहे त्यांना सांगावयास नको. औषधें, चोळण्याचें तेल, घाम, मलमूत्राचें भांडें आणि या सर्वांवर पावसाळी दमटपणा. आम्हां घरच्या माणसांचीं नाकें त्याला सरावलीं. बाहेरच्यांचीं सरावलीं नाहींत.

प्रारंभीं आळींतल्या बायका दुपारीं येत, तास तास बसत. पुढें पुढें त्या उंबऱ्याशींच उभ्या राहूं लागल्या. पदराचें टोक सहज म्हणून नाकाशीं न्यावें, “बरं आहे ना, काकू?” असें विचारावें, आणि चुलीवर दूध ठेवून आल्याची सबब सांगून परतावें. एका संध्याकाळीं सासूबाई छताकडे पाहत मला म्हणाल्या, “सूनबाई, लोक हल्लीं उंबऱ्यावरूनच जातात गं.” त्यांनीं कारण विचारलें नाहीं. त्यांना तें ठाऊक होतें, आणि आपल्याला तें ठाऊक आहे हें मला कळूं नये अशीही त्यांची इच्छा होती. त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं जें केलें तें आपल्यापैकीं बहुतेकांनीं केलें असतें. दुकानांतून सुवासिक फवाऱ्याचा डबा आणला आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत मारला. सासूबाईंना खोकल्याची जी उबळ आली ती पाव तास थांबेना. आणि वास गेला म्हणावें तर तोही नाहीं! पूर्वीं एक वास होता, आतां दोन झाले. फुलांच्या वासाखालून आजारीपणाचा वास डोकें वर काढीत होता, आणि खरें सांगतें, त्या दोहोंचें मिश्रण पहिल्यापेक्षां अधिक असह्य होतें.

तेव्हां मीं ठरविलें कीं, हें आपण घरींच करूं. काय घातलें आहे तें तरी आपल्याला ठाऊक असेल. फवारणें ही गोष्ट आपल्याकडे नवी थोडीच आहे? लग्नांत पाहुण्यांवर गुलाबदाणीनें गुलाबपाणी शिंपडतात, तो हाच प्रकार. आजची दाबायची कळ असलेली बाटली मात्र पाश्चात्यांकडून आली. आणि गंमत अशी कीं, तिच्या इतिहासांतही एक आजाऱ्याची खोली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील टोलेडो शहरीं ॲलन डेव्हिल्बिस या डॉक्टरांनीं जो फवारा तयार केला तो रोग्यांच्या घशांत औषध मारण्यासाठीं होता. अत्तरवाल्यांनीं तो मागाहून उचलला.

माझा पहिला घाणा मोठ्या उत्साहाचा होता. (घाणा हा शब्द तळणीचा खरा, पण एका वेळीं एकत्र केलेल्या मालाला मला दुसरा चांगला शब्द सुचत नाहीं, म्हणून तोच वापरतें.) वाळ्याच्या मुळ्या आणि देशी गुलाबाच्या पाकळ्या पाण्यांत उकळल्या, तें पाणी मलमलींतून गाळलें, थंड केलें, आणि बारा बाटल्या भरल्या. गौरींचे दिवस जवळ होते. हळदीकुंकवाला आलेल्या मैत्रिणींना मीं एकेक बाटली भेट म्हणून दिली, आणि कौतुकही पुष्कळ करून घेतलें. तीन आठवड्यांनीं कपाटांतील उरलेली बाटली सहज उजेडाकडे धरली. पाणी गढूळ झालें होतें, त्यांत पांढरे तंतू तरंगत होते, आणि झांकण काढतांच आंबूस वास आला. मग सुरू झाली माझी घरोघरची फेरी. एका घरीं तें पाणी तान्ह्या मुलाच्या उशीवर फवारलें जात होतें. तें ऐकून माझ्या पोटांत जो गोळा उठला तो अजून आठवतो.

या फजितीचें कारण समजून घेण्यासारखें आहे. वनस्पति पाण्यांत उकळली कीं सुवासाबरोबर साखर, रंग, तुरट द्रव्यें असें बरेंच कांहीं पाण्यांत उतरतें, आणि तें सर्व बुरशीचें अन्न असतें. उकळीनें त्या घटकेचे जंतु मरतात. पण बाटली, झांकण, आपले हात आणि हवा यांतून नवे येतात, आणि त्यांना भरलेलें ताटच मिळतें. अर्क काढण्याच्या पद्धतीनें, म्हणजे वाफ थंड करून धरलेलें पाणी याहून स्वच्छ असतें. पण तेंही राखणद्रव्यावांचून फार काळ टिकत नाहीं. साधें उकळलेलें सुगंधी पाणी थंड कपाटांत ठेवून दोन-तीन दिवसांचें समजावें. त्याचा मोठा घाणा करूंच नये. आणि वाटण्यासाठीं तर मुळींच नाहीं.

दुसऱ्या खेपेस मीं तेलांकडे वळलें. आपल्या विदर्भाच्या व खानदेशाच्या कोरड्या डोंगरउतारांवर रोशा नांवाचें गवत उगवतें. तें फुलोऱ्यावर आलें म्हणजे कापून वाफेवर त्याचें तेल काढतात. खानदेशांत ओढ्याकांठीं त्याच्या भट्ट्या लागत असत, आणि तें तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्रामार्गें तुर्कस्तानापर्यंत जाई. तेथें त्याचें काय होई? तर उन्हांत ठेवून त्याचा रंग निवळीत आणि गुलाबाच्या अत्तरांत भेसळ म्हणून तें मिसळीत! कारण रोशाच्या तेलाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग जिरॅनिऑल या द्रव्याचा असतो, आणि गुलाबाच्या सुवासांतही हेंच द्रव्य आहे. म्हणजे साहेबांच्या रुमालावरचा तुर्की गुलाब अधूनमधून आमच्या माळावरच्या गवताचा असे. मला या गोष्टीचा उगीच अभिमान वाटतो.

असो. तें तेल मीं पाण्यांत थेंब थेंब टाकलें, बाटली खळखळा हलवली, आणि सासूबाईंच्या धुतलेल्या पांढऱ्या पातळावर फवारलें. तेल पाण्यांत मिसळत नाहीं हें शाळेंत शिकलेलें ज्ञान त्या वेळीं कोठें गेलें होतें कोण जाणे! हलवून त्याचे बारीक कण होतात, क्षणभर दुधासारखें पाणी दिसतें, आणि लगेच तेल वर तरंगूं लागतें. बाटलींतील नळी तळाशीं असल्यामुळें प्रथम नुसतें पाणी येतें आणि शेवटीं शेवटीं जवळजवळ निव्वळ तेल. पातळावर पिवळसर डाग पडले ते पडलेच. शिवाय असें निव्वळ तेल कातडीला लागलें तर पुरळ उठूं शकतो; अंथरुणावर पडून पाठीची कातडी नाजूक झालेल्या माणसाच्या बाबतींत हा धोका लहान नव्हे.

तेलाला पाण्यांत नांदवावयाचें तर मध्यस्थ लागतो. साबणाच्या जातीचीं कांहीं द्रव्यें हें काम करतात, पण त्यांनीं कापड किंचित् चिकट होतें आणि बुरशीचा प्रश्न शिल्लकच राहतो. घरगुती कामाला मला स्पिरिट बरें वाटलें. तें तेल विरघळवतें, बुरशीला थारा देत नाहीं, आणि कापडावरून चटकन् उडून जातें. मात्र रंगकामाचें निळें-जांभळें डिनेचर्ड स्पिरिट कोणीही वापरूं नये. त्यांत विषारी द्रव्यें मुद्दाम मिसळलेलीं असतात, आणि १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याखालीं त्याच्यावर नियंत्रणही आहे. औषधांच्या दुकानांत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतें. २०२० च्या साथींत हातांना चोळण्याच्या निमित्तानें त्याची बहुतेक घरांशीं ओळख झालीच आहे.

माझें प्रमाण असें. अर्धा लिटरचा घाणा करावयाचा असेल तर कोरड्या कांचेच्या भांड्यांत ४०० मिलिलिटर हें ७० टक्क्यांचें अल्कोहोल घ्यावें आणि त्यांत सगळीं तेलें मिळून ५ मिलिलिटर, म्हणजे सुमारें १०० थेंब, घालून ढवळावें. तेल पूर्ण विरघळल्यावर शुद्ध केलेलें, म्हणजे बॅटरींत घालतात त्या जातीचें ऊर्ध्वपातित पाणी अगदीं सावकाश, १०० मिलिलिटरपर्यंत घालावें. हा क्रम उलटा करूं नये. पाणी घालतां घालतां मिश्रण दुधाळ दिसूं लागलें तर तेथेंच थांबावें व स्वच्छ होईपर्यंत थोडें अल्कोहोल परत घालावें. विहिरीचें किंवा नळाचें पाणी घेऊं नये. आमच्याकडील पाण्यांतले क्षार फवाऱ्याच्या बारीक छिद्रांत बसतात आणि आठ दिवसांत कळ दाबेनाशी होते. घाणा भरून झाल्यावर आठवडाभर अंधारांत ठेवला म्हणजे स्पिरिटाचा उग्रपणा बराचसा निवळतो.

बाटल्या गडद रंगाच्या कांचेच्या घ्याव्या आणि प्रत्येकीवर कागद चिकटवून त्यावर तारीख व आंत काय आहे तें लिहावें. मी हें लिहिण्याचा आळस करीत असे. पुढें एकदां दोन सारख्या बाटल्यांपैकीं जुनी कोणती व नवी कोणती हें कळेना, आणि दोन्ही ओतून द्याव्या लागल्या. एका वेळीं पांच बाटल्यांहून अधिक करीत जाऊं नये असें माझें मत आहे. नवें तेल आणलें तर आधीं ५० मिलिलिटरचा इवलासा घाणा करून जुन्या फडक्यावर मारून पाहावें. वाळ्याचें तेल फार गोड वासाचें खरें, पण दाट आणि तपकिरी असतें. पांढऱ्या चादरीवर त्याचा डाग हमखास पडतो. कोशाच्या साड्यांवर तर कोणतेंच फवारू नये. आमच्या भागांत ज्या घरांत कोशाची साडी आहे त्या घरांत तिची किंमत मला सांगावयास नको.

आणि अग्नि! हें मिश्रण पेट घेतें. देवघरांत समई चालू असतां, गॅसची शेगडी पेटलेली असतां, किंवा तापलेली इस्त्री हातांत असतां तें फवारू नये. बाटली भरण्याचें कामही स्वयंपाकघरांत करूं नये. मांजर पाळणाऱ्यांनीं विशेष जपावें, कारण या तेलांतील कित्येक द्रव्यें मांजराच्या शरीराला पचत नाहींत आणि अंगावर पडलेलें तें चाटून टाकतें.

इतकें सगळें जमल्यावर सासूबाईंच्या खोलीचें काय झालें? कांहींच नाहीं. निदान पहिले आठ दिवस कांहींच नाहीं. कारण मी अजूनही वासावर वास घालीत होतें. जखम पाहावयास येणाऱ्या परिचारिकेनें मला एक दिवस विचारलें, “ताई, गादीखालचं रबरी कापड तुम्ही उलटं करून कधीं धुतलंत?” मीं तें वरच्या बाजूनें रोज पुशीत होतें. उलटें करून पाहिलें आणि मान खालीं घातली.

त्यानंतर चार दिवस बाटलीला हात लावला नाहीं. रबरी कापड दोन घेतलें; एक वापरांत, एक साबणानें दोन्हीं अंगांनीं धुऊन पंख्याखालीं. पावसाळ्यामुळें गादीला ऊन मिळेना, तेव्हां जाड गादी काढून दोन पातळ गाद्या घातल्या, म्हणजे एक आळीपाळीनें उभी करून वाळवतां येई. भांडें क्षणभरही खोलींत राहूं द्यावयाचें नाहीं असा नियम केला. वाऱ्यानें बाधेल म्हणून जी खिडकी आम्ही बंद ठेवीत होतों ती दिवसांतून तीनदां उघडूं लागलों. पांचव्या दिवशीं मी बाहेरून आलें आणि खोलींत शिरल्यावर मला कसलाच वास आला नाहीं. आयुष्यांत इतका आनंद मला कोणत्याही अत्तरानें झालेला नाहीं.

आतां रोशाच्या पाण्याला अर्थ आला. वाळलेल्या चादरींवर व उशांच्या अभ्र्यांवर तें हातभर अंतरावरून मारावयाचें, घडी न घालतां तास दोन तास पसरून ठेवावयाचें, आणि स्पिरिट पूर्ण उडाल्यावर कपाटांत रचावयाचें. खोलीच्या हवेंत मात्र तें मीं पुन्हां कधीं मारलें नाहीं. म्हाताऱ्या माणसाच्या, दमेकऱ्याच्या व तान्ह्या मुलाच्या श्वासाला बारीक तुषार सोसत नाहींत, मग ते घरचे असोत कीं विकतचे. एवढ्यावर मी समाधानी होतें. सासूबाई नव्हत्या.

“चादर छान आहे हो,” त्या म्हणाल्या, “पण मला लग्नघरांत निजल्यासारखं वाटतं. रोज रोज का लग्न असतं?” मग कोणता वास हवा म्हणून मीं विचारलें. त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. शेवटीं म्हणाल्या, “ताटीचा.”

शहरांतील तरुण श्रोत्यांना ताटी म्हणजे काय हें सांगावें लागेल. विदर्भांत वैशाखांतील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत दारा-खिडक्यांना वाळ्याच्या मुळ्यांच्या ताट्या लावून त्यांवर दिवसभर पाणी शिंपडीत. बाहेरची गरम हवा त्या ओल्या मुळ्यांतून आंत येतांना थंड होई आणि सुवास घेऊन येई. ऐने-अकबरींतही वाळ्याच्या अशा भिंतींचें आणि त्यांवर पाणी मारल्यावर भर उन्हाळ्यांत वाटणाऱ्या थंडीचें वर्णन आहे. विजेचे कूलर आले आणि ताट्या मागें पडल्या. तरी कूलरच्या जाळींत वाळा भरणारीं घरें अजून आहेत. सासूबाई नव्या नवरी म्हणून सासरीं आल्या तेव्हां दुपारीं ताटीवर पाणी मारण्याचें काम त्यांच्याकडे होतें. थोरल्या जावा आंत झोंपत, आणि ह्या चौदा-पंधरा वर्षांच्या, हातांत तांब्या घेऊन ताटीपाशीं बसत. तें त्यांचें घरांतील पहिलें स्थान.

पावसाळ्यांत व हिवाळ्यांत ताटी निरुपयोगी. दमट हवेंत ओली ताटी म्हणजे आणखी दमटपणा. म्हणून मीं चैत्रापर्यंत वाट पाहिली. तोंवर सासूबाई खुर्चींत बसूं लागल्या होत्या. नागपूरहून वाळा आणवला, बांबूच्या कामट्यांच्या चौकटींत तो विणून घेतला, आणि ती लहानशी ताटी त्यांच्या खिडकीला टांगली. पाणी साधेंच, पण त्यांत मूठभर वाळा रात्रभर भिजत घालून सकाळीं गाळलेला. हा घाणा एका दिवसाचा. सकाळीं केला, सायंकाळीं उरेल तो तुळशीला. त्यांत तेल नाहीं, स्पिरिट नाहीं, आणि तुषार हवेंत न जातां मुळ्यांवरच पडावे म्हणून फवारा अगदीं जवळ धरावयाचा. बाटली रोज उकळत्या पाण्यानें धुवावयाची. ताटीही आठवड्यांतून एक दिवस उन्हांत कडकडीत वाळवावी लागते. नाहींतर तीही कुबट होते.

पहिल्या दुपारीं मीं पाणी मारलें आणि वारा सुटला. सासूबाईंनीं डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. खोकला आला नाहीं. मग त्यांनीं हात पुढें केला. बाटली त्यांना हवी होती. बोटांत जोर कमी, त्यामुळें कळ दाबतांना त्यांचा हात थरथरे. तरी त्यांनीं ती माझ्याकडे परत दिली नाहीं.

आळींत बातमी पोंचावयास किती वेळ लागणार? बाहेर ऊन रणरणत असतां काकूंच्या खोलींत गारवा आहे, हें कळल्यावर दुपारच्या बायका पुन्हां येऊं लागल्या. कोणी गहूं निवडावयास घेऊन येई, कोणी नातवाला. उंबऱ्यावर कोणी थांबत नसे. एके दिवशीं शेजारच्या वहिनी बाटली उचलून ताटीकडे निघाल्या, तशा सासूबाई खुर्चींतून म्हणाल्या, “अगं, राहूं दे, तें माझं काम आहे. तूं बस.”